कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवक का दिसत नाही? वनस्पतीपेशी, प्राणीपेशी आणि त्यांच्या भागांची कामं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेक आठवीत आहे. वनस्पतीपेशी आणि प्राणीपेशी यांच्यातल्या फरकांचा तक्ता तिला तोंडपाठ आहे. शाळेत कांद्याचा पापुद्रा आयोडीन घालून सूक्ष्मदर्शीखाली पाहिला, तेव्हा लांबट चौकटी आणि प्रत्येक चौकटीत एक पिवळट ठिपका एवढंच दिसलं. हरितलवक (प्रकाशसंश्लेषण करणारा हिरवा कण) नाही, तंतुकणिका (ऊर्जा तयार करणारा भाग) नाही, आंतर्द्रव्यजालिका (पेशीतलं पटलांचं जाळं) तर नाहीच. ‘मग पुस्तकातली आकृती खोटी का?’ असं ती विचारते. आणि प्रत्येक भागाचं काम तिला घोकंपट्टीशिवाय कसं समजावून सांगावं, हे तुम्हाला हवं आहे.

मी बरीच वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. हा प्रश्न अकरावीतली मुलंसुद्धा सहसा विचारत नाहीत. दिसलं नाही तरी पुस्तकातली आकृती प्रयोगवहीत उतरवून मोकळी होतात. तुमच्या लेकीनं जे दिसलं त्यावर विश्वास ठेवला, याचं मला फार कौतुक वाटतं.

आकृती खोटी नाही, पण तशी पेशी कुठल्याही झाडात किंवा प्राण्यात सापडायची नाही. महाराष्ट्रात काय काय पिकतं ते दाखवायला एकाच शेताच्या चित्रात ऊस, भात, द्राक्षं, काजू आणि कापूस काढावा, तशी ती आकृती असते. सगळे भाग ओळखता यावेत म्हणून ते एकाच चौकटीत बसवलेले असतात. प्रत्यक्षात एखाद्या पेशीत काय असेल आणि किती असेल, हे तिच्या कामावर ठरतं. म्हणून ‘वनस्पतीपेशीत काय असतं?’ या प्रश्नाआधी ‘कुठली पेशी, आणि तिचं काम काय?’ हे विचारायची सवय लावा. निम्मं पाठांतर तिथेच संपतं.

आधी न दिसलेल्या गोष्टींबद्दल. शाळेतला सूक्ष्मदर्शी बहुधा ४०० पटींपर्यंत मोठं दाखवतो. भिंग कितीही चांगलं असलं तरी साध्या प्रकाशात ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. कांद्याच्या पापुद्र्यातली एक पेशी पाव मिलिमीटरच्या आसपास लांब असते, म्हणजे साधारण २५० मायक्रोमीटर. तिचं केंद्रक सहज दिसतं. तंतुकणिकेची रुंदी अर्धा ते एक मायक्रोमीटर, शिवाय ती पारदर्शक. जॅनस ग्रीनसारखं खास रंजकद्रव्य वापरल्याशिवाय ती नजरेत भरत नाही. प्रथिनं बनवणारे रायबोझोम तर २० ते ३० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग), आणि प्रद्रव्यपटलाची, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्याची, जाडी सात-आठ नॅनोमीटर. हे सगळं पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी लागतो. त्यामुळे ‘दिसलं नाही’ याचे दोन वेगळे अर्थ आहेत: तंतुकणिका तिथे होत्या पण दिसल्या नाहीत, आणि हरितलवकं तिथे नव्हतीच.

हरितलवकं का नव्हती? कांद्याचा गड्डा म्हणजे पानांचे जमिनीखालचे फुगलेले तळ. तिथे उजेड पोचत नाही. ज्या पेशीला प्रकाशसंश्लेषण करायचंच नाही, ती हरितलवकं तयार करत नाही. याच कांद्याची पात घ्या. तिच्या आतल्या पेशी हरितलवकांनी खच्चून भरलेल्या असतात. हिरव्या पानातही सगळ्यांत बाहेरच्या थरातल्या पेशींत ती सहसा नसतात, पर्णरंध्रांच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशी तेवढ्या अपवाद. मुळाच्या पेशींत नसतात, लाकडात नसतात. तेव्हा तक्त्यातलं ‘वनस्पतीपेशीत हरितलवक असते’ हे वाक्य ‘वनस्पतीच्या हिरव्या भागांतल्या पेशींत हरितलवक असते’ असं दुरुस्त करून घ्या.

हरितलवक हा लवकांचा, म्हणजे वनस्पतीपेशीत रंग किंवा अन्न बाळगणाऱ्या कणांचा, एक प्रकार झाला. बटाट्याच्या पेशींत रंगहीन लवकं असतात आणि त्यांत स्टार्च साठवलेला असतो; आयोडीनचा थेंब टाकला की त्याचे दाणे निळे-काळे होतात. कांद्याच्या पापुद्र्यावर तेच आयोडीन टाकलं तर निळा रंग येत नाही, कारण कांदा अन्न साठवतो ते विद्राव्य शर्करांच्या रूपात. टोमॅटो हिरव्याचा लाल होतो तेव्हा त्याच्या हरितलवकांचंच रूपांतर लाल वर्णलवकांत झालेलं असतं. उजेडात पडलेला बटाटा हिरवा होतो, तेव्हा साठवणीच्या लवकांची हरितलवकं झालेली असतात. (त्या हिरव्या भागात सोलॅनिन हे विषारी द्रव्यही वाढलेलं असतं, म्हणून तो भाग काढून टाकावा.) लवकं अशी एकमेकांत बदलतात, ही गोष्ट तक्त्यात कधीच येत नाही आणि मला ती सगळ्यांत सुंदर वाटते.

आता जे दिसलं त्याकडे वळू. त्या लांबट चौकटी म्हणजे पेशीभित्तिका. १६६५ साली रॉबर्ट हूक यांनी बुचाच्या पातळ कापात जे कप्पे पाहिले, तेही मृत पेशींच्या भित्तिकाच होत्या. आत जिवंत असं काही उरलेलं नव्हतं. भित्तिका मुख्यतः सेल्युलोजची असते, आणि शेजारच्या दोन पेशींना चिकटवून ठेवायला मध्ये पेक्टिनचा थर असतो. फळ पिकताना हा थर विरघळू लागतो आणि फळ मऊ पडतं. काही पेशी भित्तिकेत लिग्निन हे कठीण द्रव्य भरून ती इतकी जाड करतात की पेशी मरून जाते आणि फक्त भिंत कामाला राहते. पेरू खाताना गराची जी कचकच दाताखाली येते, ती अशाच दगडी पेशींची. पाणी वाहून नेणाऱ्या जलवाहिन्यासुद्धा मृत पेशींच्या पोकळ नळ्या आहेत. प्राण्यांच्या पेशींना भित्तिका नसते, म्हणून त्या आकार बदलू शकतात. पांढरी रक्तपेशी जंतूला वेढा घालून गिळते. भित्तिका असती तर हे तिला जमलंच नसतं.

भित्तिकेच्या आत, तिला चिकटून प्रद्रव्यपटल असतं. ते प्रत्येक पेशीत असतं, वनस्पती असो वा प्राणी. मेदाच्या रेणूंचा दुहेरी थर आणि त्यात रोवलेली प्रथिनं अशी त्याची रचना. कुठला पदार्थ आत घ्यायचा, कुठला बाहेर जाऊ द्यायचा, हे ही प्रथिनं ठरवतात. पटल इतकं पातळ की दिसत नाही, पण त्याचं अस्तित्व घरी सिद्ध करता येतं. बिटाच्या चकत्या करा, कापलेल्या पेशींतला रंग जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या, मग एक चकती थंड पाण्यात आणि एक कडकडीत गरम पाण्यात टाका. थंड पाणी बराच वेळ जवळपास स्वच्छ राहतं, गरम पाणी बघता बघता लाल होतं. उष्णतेनं पटल फाटलं आणि आतला रंग सुटला.

शाळेत पुन्हा संधी मिळाली तर पांढऱ्याऐवजी नाशिककडचा लाल कांदा घ्यायला सांगा. मांसल पाकळीची बाहेरची, जांभळी बाजू वर धरून तिचा पापुद्रा चिमट्यानं अलगद सोलायचा. स्लाइडवर साध्या पाण्याच्या थेंबात पसरून वर कव्हरस्लिप ठेवायची. आयोडीन घालायचं नाही. त्यानं पेशी मरतात. आता प्रत्येक चौकट काठोकाठ जांभळी दिसेल. मग अर्धी वाटी पाण्यात चहाचा चमचाभर मीठ विरघळवून त्याचा एक थेंब कव्हरस्लिपच्या एका कडेला सोडायचा आणि समोरच्या कडेनं टिपकागद लावून आतलं साधं पाणी शोषून घ्यायचं. डोळा भिंगावरून काढायचा नाही. काही मिनिटांत जांभळा रंग कोपऱ्यांपासून सुटायला लागतो, आत आत सरकतो, गडद होत जातो आणि चौकटीच्या मधोमध गोळा होतो. चौकट मात्र होती तशीच उभी. प्रद्रव्यपटल भित्तिकेपासून वेगळं झालं ते असं डोळ्यांदेखत. यालाच रससंकोच म्हणतात. फार वेळ न दवडता त्याच पद्धतीनं पुन्हा साधं पाणी सोडलं, तर रंग पसरत पसरत भित्तिकेपर्यंत परत येतो. पेशी जिवंत असल्याचा याहून चांगला पुरावा शाळेच्या प्रयोगशाळेत मला तरी ठाऊक नाही.

हाच प्रयोग प्राणीपेशीवर झाला तर? तांबड्या रक्तपेशी साध्या पाण्यात टाकल्या की पाणी आत शिरतं, त्या फुगतात आणि फुटतात, कारण बाहेरून आधार द्यायला भित्तिका नाही. दाट मिठाच्या पाण्यात त्या आक्रसतात. म्हणूनच दवाखान्यात शिरेतून देतात ते साधं सलाइन ०.९ टक्के मिठाचं असतं. त्या प्रमाणात पाणी पेशीत जादा शिरतही नाही आणि बाहेरही पडत नाही. भित्तिकेचं काम ‘आधार देणे’ असं पुस्तकात लिहिलेलं असतं, त्यातला खरा अर्थ हा आहे.

लाल कांद्यातला तो जांभळा रंग ज्यात होता ती रिक्तिका. पूर्ण वाढ झालेल्या वनस्पतीपेशीत एकच मोठी रिक्तिका असते आणि ती पेशीच्या आकारमानाचा नव्वद टक्क्यांपर्यंत भाग व्यापू शकते. पेशीद्रव्य आणि केंद्रक मग कडेला दाबले जातात. लेकीला पिवळा ठिपका बहुतेक चौकटींत भिंतीलगत दिसला असेल, त्याचं कारण हेच. नावावरून ही जागा रिकामी वाटते, पण तिच्यात पाणी, शर्करा, क्षार, आम्लं, रंगद्रव्यं आणि विकरं (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, एन्झाइम) असतात. रिक्तिका पाण्यानं भरलेली असते तोवर पेशी ताठ राहते. मलूल झालेली कोथिंबीर पाण्यात ठेवली की तासाभरात टवटवीत होते ती यामुळेच.

कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं तेही रिक्तिकेमुळेच. कांद्याच्या पेशीत ॲलिनेज नावाचं विकर रिक्तिकेत असतं आणि गंधकयुक्त संयुगं बाहेर पेशीद्रव्यात. अखंड पेशीत दोघांची गाठ पडत नाही. सुरी चालली की रिक्तिका फुटते, दोन्ही मिसळतात, आणि काही सेकंदांत डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. या साखळीत आणखी एक वेगळं विकर लागतं, हे २००२ मध्ये जपानी संशोधकांनी शोधून काढलं. कांदा आधी फ्रिजमध्ये ठेवला तर कमी झोंबतो, कारण गारठ्यात विकरांचा वेग मंदावतो. पेशीनं एवढे कप्पे का केले, याचं उत्तर इथे मिळतं: एकमेकांत मिसळू नयेत अशा गोष्टी वेगळ्या ठेवता याव्यात म्हणून. प्राणीपेशीतही रिक्तिका असतात, पण लहान आणि तात्पुरत्या.

आता सगळ्यांत जास्त गुण घालवणारी चूक. ‘वनस्पतीपेशीत हरितलवक, प्राणीपेशीत तंतुकणिका’ असं मुलं बिनदिक्कत लिहितात. तंतुकणिका दोन्हींत असतात. हरितलवक प्रकाशाच्या ऊर्जेवर शर्करा तयार करतं; ती शर्करा ऑक्सिजनच्या मदतीनं मोडून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा, म्हणजे एटीपी, बहुतांशी तंतुकणिकेत तयार होते. झाड रात्रंदिवस श्वसन करतं. जमिनीखालच्या कांद्याला, मुळांना, रुजणाऱ्या बीला हरितलवकं नाहीत. ती जगतात ती तंतुकणिकांच्या जिवावर. माणसाच्या हृदयाच्या स्नायूपेशीत तर जवळजवळ एकतृतीयांश जागा तंतुकणिकांनीच व्यापलेली असते, कारण त्या पेशीला क्षणाचीही उसंत नाही.

तंतुकणिका आणि हरितलवक या दोघांना दुहेरी आवरण असतं, आणि केंद्रकाबाहेर स्वतःचा डीएनए असतो तो या दोघांतच. माणसाच्या तंतुकणिकेतल्या डीएनएमध्ये ३७ जनुकं आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी स्वतंत्र जगणारे जीवाणू दुसऱ्या पेशीत शिरून तिथेच स्थायिक झाले, त्यांचे हे वंशज, असा सिद्धान्त जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये नेटानं मांडला. सुरुवातीला त्याला फार विरोध झाला, आज तो सर्वमान्य आहे. हा डीएनए वनस्पतींत बहुधा आईकडूनच येतो, आणि याचा आपल्या शेतीशी थेट संबंध आहे. तंतुकणिकेतल्या विशिष्ट जनुकांमुळे काही झाडांत परागकणच धड तयार होत नाहीत. असं नरवंध्य झाड कांद्यात १९२५ साली कॅलिफोर्नियात सापडलं. बाजरीत ते अमेरिकेत टिफ्टन इथे सापडलं आणि त्यावरून तयार केलेल्या टिफ्ट २३ ए या वाणापासून भारतातली पहिली संकरित बाजरी, एचबी १, १९६५ मध्ये आली. परागकण नसल्यामुळे झाडाचं स्वपरागण होत नाही, दुसऱ्या वाणाशी संकर हातानं फुलं न खुडता करता येतो. वनस्पतीत तंतुकणिका असतात का, असं कुणी विचारलं तर बाजरीच्या संकरित बियाण्याचं उदाहरण द्यावं.

पिवळा ठिपका म्हणजे केंद्रक. त्याला हे नाव १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी ऑर्किडच्या पेशी पाहताना दिलं. केंद्रकात डीएनए असतो, गुणसूत्रांच्या रूपात. कांद्याच्या पेशीत १६, माणसाच्या पेशीत ४६. गुणसूत्रं कमी म्हणून कांद्याचा डीएनए कमी असं समजू नका, तो माणसाच्या सुमारे पाचपट आहे. कुठलं प्रथिन केव्हा बनवायचं याची माहिती या डीएनएत असते, पण प्रथिन केंद्रकात बनत नाही. डीएनएवरून आरएनएची प्रत निघते, ती केंद्रकपटलाच्या छिद्रांतून बाहेर येते आणि रायबोझोमवर तिच्यानुसार अमिनो आम्लं जोडली जातात.

इथून पुढचे तीन भाग सुटे पाठ करू नयेत, कारण ते एकाच वाटेवरचे टप्पे आहेत. पेशीबाहेर पाठवायचं प्रथिन असेल तर रायबोझोम खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेला चिकटून ते बनवतात. जालिकेच्या पोकळीत त्याची घडी बसते. तिथून ते लहान पिटिकांतून (पटलाच्या पिशव्यांतून) गॉल्गी संकुलात जातं, तिथे त्याला शर्करेचे रेणू जोडणं, वर्गवारी करणं अशी कामं होतात, आणि मग ते ठरलेल्या ठिकाणी रवाना होतं. जॉर्ज पलाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनिपिगच्या स्वादुपिंडातल्या पेशींना किरणोत्सारी अमिनो आम्लं देऊन हा प्रवास प्रत्यक्ष मोजला: तिसऱ्या मिनिटाला खूण जालिकेत, वीस मिनिटांच्या सुमारास गॉल्गीजवळ, दोनेक तासांत स्रावाच्या कणिकांत. या क्षेत्रातल्या कामासाठी पलाडे, क्लोद आणि द दूव यांना १९७४ चं नोबेल मिळालं. पाचक विकरं तयार करणाऱ्या पेशीत जालिका आणि गॉल्गी भरपूर असतात. मऊ जालिका, म्हणजे जिच्यावर रायबोझोम नसतात ती, मेद तयार करते आणि यकृतात औषधांचा निचरा करायला मदत करते. वनस्पतीत गॉल्गीकडे आणखी एक काम आहे: भित्तिकेसाठी लागणारं पेक्टिन बनवण्याचं. सेल्युलोज मात्र तिथे बनत नाही, ते थेट प्रद्रव्यपटलावर विणलं जातं.

लयकारिकांना, म्हणजे पचवणारी विकरं भरलेल्या पिशव्यांना (लायसोसोम), पुस्तकात ‘आत्मघाती पिशव्या’ म्हणतात. मला ते पटत नाही. त्यांचं रोजचं काम आहे पेशीतली जुनी, निकामी अंगकं (भाग) आणि बाहेरून आलेले जंतू विकरांनी मोडून त्यांतला कच्चा माल परत वापरात आणणं. ही विकरं आम्ल वातावरणात, सामू (पीएच) पाचच्या आसपास, नीट काम करतात. पेशीद्रव्याचा सामू सातच्या थोडा वर असल्यामुळे थोडी गळती झाली तर लगेच पेशी संपत नाही. वनस्पतीपेशीत हे काम मुख्यतः रिक्तिकाच करते. यीस्टच्या रिक्तिकेत ही मोडतोड कशी चालते हे उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये नोबेल मिळालं.

तारककेंद्रांबद्दल, म्हणजे पेशीविभाजनात भाग घेणाऱ्या लहान कणांबद्दल, तक्त्यात ‘प्राणीपेशीत असते, वनस्पतीपेशीत नसते’ असतं. सपुष्प वनस्पतींपुरतं ते बरोबर आहे. शेवाळी आणि नेचे यांच्या पोहणाऱ्या नरयुग्मकांत (नर प्रजननपेशींत) मात्र ती आढळतात. कांद्यात ती नसूनही त्याच्या मुळाच्या टोकाशी पेशीविभाजन जोरात चालू असतं. खरा फरक पडतो तो शेवटच्या टप्प्यात: प्राणीपेशी मधोमध आवळत जाऊन दोन होते, वनस्पतीपेशीत गॉल्गीकडून आलेल्या पिटिका मध्यभागी जमून नवी भिंत उभारतात आणि ती आतून बाहेर वाढत जाते. कडक भित्तिका आवळता येत नाही, म्हणून ही तऱ्हा.

आणि ‘प्रत्येक पेशीत केंद्रक असतेच’ हेही लिहू देऊ नका. आपल्या तांबड्या रक्तपेशी पक्व होताना केंद्रक आणि तंतुकणिका दोन्ही टाकून देतात, कारण हिमोग्लोबिनला जास्तीत जास्त जागा हवी असते. मग त्या स्वतःची डागडुजी करू शकत नाहीत आणि सुमारे १२० दिवसांत संपतात. झाडात अन्नरस वाहून नेणाऱ्या रसवाहिनीच्या चाळणीपेशीही केंद्रक गमावतात, पण शेजारची सहपेशी त्यांचा भार उचलते.

परीक्षेत फरक लिहायला सांगितला तर तिनं अशी वाक्यं लिहावीत: भित्तिका वनस्पतीपेशीत असते, प्राणीपेशीत नसते, लवकं वनस्पतीपेशीत असतात आणि त्यांतलं हरितलवक फक्त हिरव्या भागात, वनस्पतीपेशीत मोठी रिक्तिका, प्राणीपेशीत असल्या तर लहान, तारककेंद्र प्राणीपेशीत असते, सपुष्प वनस्पतींत नसते. प्रद्रव्यपटल, केंद्रक, तंतुकणिका, रायबोझोम, जालिका आणि गॉल्गी यांना फरकाच्या तक्त्यात आणूच नये, ते दोन्हींत समान आहेत. आणि प्रयोगवहीतल्या कांद्याच्या आकृतीत तिनं जे पाहिलं तेवढंच काढावं: भित्तिका, पेशीद्रव्य, केंद्रक, रिक्तिकेची जागा. शिक्षकांनी विचारलं तर हरितलवक का काढलं नाही, हे तिला आता सांगता येईल.